दारू सुटली पण बाबांना पाच मिनिटांपूर्वीचं आठवत नाही, बी-वनची गोळी वाढवून फरक पडेल का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वडील ५४ वर्षांचे, वीसेक वर्षं रोजचं पिणं, शेवटचे चार-पाच महिने जेवण जवळपास बंदच. तीन महिन्यांपूर्वी घरच्यांनी दारू एकदम बंद केली, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून उलट्या, थरथर, बरळणं, चालताना झोक जाणं सुरू झालं आणि सगळ्यांना वाटलं की कुठूनतरी चोरून पिऊन आलेत. पाचव्या दिवशी अ‍ॅडमिट केलं, दहा दिवसांनी घरी आणलं. आता दारू पूर्ण बंद आहे, चालणं बरंच सुधारलंय, पण तेच तेच प्रश्न दिवसभर विचारतात, सकाळी कोण येऊन गेलं ते दुपारी माहीत नसतं, आणि "काल ऑफिसला जाऊन आलो, साहेबांशी बोलणं झालं" असं ठामपणे सांगतात, नोकरी सुटून चार वर्षं झालीत तरी. आई म्हणते नाटकं आहेत, काका म्हणतात डोक्यावर परिणाम झाला. एमआरआय नॉर्मल आलाय, रोज बी-कॉम्प्लेक्सची एक गोळी चालू आहे. तुमचा प्रश्न असा की ही जीवनसत्त्वाची कमतरता आहे का आणि गोळी वाढवली तर स्मृती परत येईल का, आणि शेवटच्या ओळीत जाता जाता विचारलंय की धाकटा भाऊही पितो, त्याला आत्तापासून गोळी द्यावी का.

मी सायकियाट्रिस्ट आहे, बरीच वर्षं व्यसनमुक्तीच्या वॉर्डात काम करतोय. तुमच्या वडिलांना तपासल्याशिवाय निदान सांगता येणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे, पण जे वर्णन तुम्ही केलंय ते इतकं ओळखीचं आहे की मी त्यावर सविस्तर लिहू शकतो. माझ्या मते तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकमेकात गुंतलेत. एक, तेव्हा काय झालं. दोन, आत्ता उपचार करण्यासारखं काही उरलंय का. आणि तिसरा तुम्ही नीट विचारलेला नाही पण घरात त्यावरूनच भांडणं चालू दिसतायत, तो म्हणजे हे खोटं बोलतायत का. तिसऱ्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो, बहुधा नाही. का ते पुढे येईलच.

आधी काय झालं असावं ते बघू. थायमिन म्हणजे जीवनसत्त्व बी-वन. शरीरात त्याचा साठा सगळा मिळून साधारण ३० मिलिग्रॅमच्या आसपास असतो, रोजची गरज सव्वा मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे पुरवठा पूर्ण थांबला तर दोन-तीन आठवड्यांत गोष्ट हाताबाहेर जायला लागते. याचं काम काय, तर पेशीत साखरेपासून ऊर्जा तयार होताना जी एन्झाइम्स लागतात त्यातली काही महत्त्वाची एन्झाइम्स थायमिनशिवाय चालतच नाहीत. मेंदू जवळजवळ सगळा साखरेवर चालतो, त्यामुळे फटका तिथे आधी बसतो, आणि तोही सगळीकडे सारखा बसत नाही. मेंदूच्या आत खोलवर, मधोमध, जिथे डोळ्यांच्या हालचाली, तोल आणि नवीन आठवणी तयार होण्याचं काम चालतं तिथले भाग जास्त नाजूक आहेत. थॅलॅमसचा आतला भाग, मॅमिलरी बॉडी नावाच्या दोन छोट्या गाठी, लहान मेंदूचा मधला पट्टा वगैरे. म्हणून लक्षणंही ठराविकच दिसतात.

आता दारू पिणाऱ्यालाच हे जास्त का होतं. लोकांना वाटतं दारू मेंदूच्या पेशी जाळते म्हणून. दारूचा स्वतःचा त्रास मेंदूला होतोच, तो वेगळा विषय, पण इथे मुख्य गुन्हेगार कमतरता आहे आणि दारू ती चार बाजूंनी आणते. माणूस जेवत नाही कारण दारूतूनच कॅलरी मिळतात आणि भूक मरते. जे पोटात जातं त्यातलं थायमिन आतड्यातून नीट शोषलं जात नाही. लिव्हर खराब असेल तर साठा करायची जागाच कमी झालेली असते. आणि चौथी गोष्ट म्हणजे मॅग्नेशियम, दारूमुळे ते लघवीतून वाहून जातं, आणि मॅग्नेशियम नसेल तर दिलेलं थायमिनसुद्धा कामाला येत नाही. ही चौथी गोष्ट बऱ्याचदा विसरली जाते. पेशंटला थायमिन भरपूर देऊनही हलत नाहीये असं दिसलं की मी पहिली मॅग्नेशियमची तपासणी करायला सांगतो.

हे फक्त दारुड्यांना होतं असंही नाही हो. कार्ल वर्निकी या जर्मन डॉक्टरने १८८१ मध्ये ज्या तीन पेशंटचं वर्णन केलं त्यातले दोघे दारू पिणारे होते पण तिसरी एक बाई होती, तिने सल्फ्युरिक अ‍ॅसिड प्यायलं होतं आणि त्यानंतर तिच्या उलट्या थांबतच नव्हत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, सिंगापूरच्या युद्धकैद्यांच्या हॉस्पिटलमधल्या ५२ पेशंटचा अहवाल छापून आला, तिथे दारू कुठली, नुसती उपासमार. आजही गरोदरपणातल्या जबरदस्त उलट्या, पोट लहान करायचं ऑपरेशन, लांबलेला कॅन्सरचा उपचार यात आम्हाला हे दिसतं. तुमच्या आईला हे मुद्दाम सांगा, कारण "स्वतःच्या कर्माने झालं" हा राग मनात असला की हा आजार आहे हे पटायला वेळ लागतो.

या पहिल्या, अचानक येणाऱ्या टप्प्याला वर्निकी एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. पुस्तकात तीन लक्षणं लिहिलेली असतात: डोळ्यांच्या हालचालीत बिघाड, चालताना तोल जाणं, आणि गोंधळलेली अवस्था. मी बेडजवळ उभा राहून पेशंटला सांगतो की डोकं हलवू नका, फक्त माझ्या बोटाकडे बघा, आणि बोट हळूहळू बाजूला नेतो. डोळा कडेला गेला की तिथे स्थिर राहत नाही, बारीक झटके देत परत मध्ये यायला बघतो. कधी एक डोळा बाहेर वळतच नाही, मग पेशंट म्हणतो दोन दोन दिसतायत. मग उठून उभं राहायला सांगायचं, पाय फाकवून उभा राहतो, दोन पावलं टाकतो आणि पलंगाची कड पकडतो. एवढ्या तपासणीला पाच मिनिटं पण लागत नाहीत.

अडचण अशी की तिन्ही लक्षणं एकत्र फार कमी लोकांत सापडतात. पोस्टमार्टेममध्ये हा आजार सिद्ध झालेल्या लोकांच्या जुन्या केसपेपर्सचा ऑस्ट्रेलियात अभ्यास झाला होता, १९८६ मध्ये तो छापून आला, त्यात तिन्ही लक्षणं नोंदवलेले पेशंट फक्त १६ टक्के होते, आणि बहुतेकांचं जिवंतपणी निदानच झालेलं नव्हतं. म्हणून नंतर १९९७ मध्ये निकष सैल केले गेले, दारू पिणाऱ्या माणसात कुपोषण, डोळ्यांची लक्षणं, तोल जाणं, आणि गोंधळ किंवा स्मृतीत थोडासा बिघाड, या चारपैकी कुठलीही दोन असली तरी वर्निकी समजून चाला. तुमच्या वडिलांचं जेवण बंद होतं, झोक जात होता, बरळत होते, म्हणजे तीन तर तुम्हीच लिहिलीत.

आणि इथेच सगळ्यात वाईट योगायोग असतो. रोज पिणारा माणूस झोकांड्या खातोय, अडखळत बोलतोय, तर घरच्यांना काय वाटणार, प्यायलाय असंच वाटणार ना. त्यातून दारू बंद केल्यावर दोन-तीन दिवसांनी विथड्रॉवलचा (म्हणजे दारू तुटल्याच्या त्रासाचा) डिलिरियम, म्हणजे भान हरपल्यासारखी तीव्र गोंधळलेली अवस्था येते, त्यातही माणूस बरळतो, भास होतात, मग डॉक्टरांनासुद्धा वाटतं हे विथड्रॉवलचंच आहे. दोन्ही एकत्र असू शकतात. ढोबळमानाने सांगायचं तर विथड्रॉवलमध्ये माणूस खवळलेला असतो, घाम, थरथर, छातीत धडधड, झोप नाही. वर्निकीचा पेशंट पुष्कळदा शांत, सुस्त, कशातच लक्ष नसलेला असा दिसतो. पण हा फरक इतका स्वच्छ क्वचित असतो, म्हणून माझा स्वतःचा नियम असा आहे की खात्री होईपर्यंत थांबायचंच नाही. शंका आली की थायमिनचं इंजेक्शन द्यायचं, नंतर बसून विचार करायचा. चुकून गरज नसताना दिलं तर नुकसान जवळजवळ काही नाही, अ‍ॅलर्जीची रिअ‍ॅक्शन येऊ शकते पण ती फार दुर्मिळ. गरज असताना दिलं नाही तर काय होतं ते तुम्ही घरात बघताय.

गोळीने का भागत नाही हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे म्हणून जरा थांबून सांगतो. आतड्यातून थायमिन आत घ्यायची एक ठराविक क्षमता असते. चांगल्या धडधाकट माणसाने एका वेळी मोठा डोस गिळला तरी त्यातलं साधारण साडेचार मिलिग्रॅमच आत जातं, बाकीचं वाया. दारू आणि कुपोषणाने आतडं बिघडलेलं असेल तर त्याहूनही कमी. तब्येत चांगली असताना एवढं पुष्कळ झालं, पण मेंदूत आणीबाणी चालू असताना तिथपर्यंत भरपूर थायमिन पोचायला रक्तातली पातळी एकदम वर न्यावी लागते आणि ते शिरेतूनच होतं. पुष्कळ ठिकाणी वापरतात ती पद्धत अशी की ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, सलाईनमध्ये मिसळून अर्ध्या तासात, दोन-तीन दिवस, आणि फरक दिसत असेल तर पुढे २५० मिलिग्रॅम रोज आणखी काही दिवस. नेमका किती डोस यावर डॉक्टरांमध्ये एकमत नाही, काही जण कमी देतात, पण गोळी देऊन वर्निकीचा उपचार होत नाही यावर मात्र वाद नाही.

ग्लुकोजच्या सलाईनबद्दलही कुणीतरी तुम्हाला घाबरवलंय असं दिसतं, "ग्लुकोज चढवलं म्हणूनच झालं का" असं तुम्ही लिहिलंय. साखर वापरायला थायमिन लागतं, त्यामुळे साठा संपलेल्या माणसाला नुसतं ग्लुकोज दिलं, विशेषतः दिवसचे दिवस, तर उरलंसुरलं थायमिन संपून आजार भडकू शकतो, हे खरं आहे. म्हणून ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत थायमिन द्यायचं असतं. पण साखर धोक्याच्या पातळीला उतरलेली असेल तर थायमिनची वाट बघत ग्लुकोज थांबवणं ही त्याहून मोठी चूक, आणि तुमच्या वडिलांची लक्षणं तर अ‍ॅडमिट व्हायच्या आधीच सुरू झाली होती. तेव्हा त्या एका बाटलीवर सगळं ढकलू नका.

वेळेत भरपूर थायमिन मिळालं तर डोळे सगळ्यात आधी सुधारतात, कधीकधी काही तासांतच, बघताना आम्हालाही आश्चर्य वाटतं. तोल सुधारायला दिवस, आठवडे, कधी महिने लागतात आणि बऱ्याच जणांची चाल थोडी रुंद पायांची राहूनच जाते. गोंधळ ओसरतो. आणि तो ओसरला की मग खाली काय उरलंय ते दिसतं, तुम्हाला आत्ता तेच दिसतंय. त्याला कोर्साकॉफ सिंड्रोम म्हणतात, सर्गेई कोर्साकॉफ या रशियन डॉक्टरने १८८७ पासून पुढे काही वर्षं यावर लिहिलं. वर्निकी आणि कोर्साकॉफ हे एकाच आजाराचे दोन टप्पे आहेत हे नंतर लक्षात आलं, आणि मुळाशी थायमिन आहे हे कळायला तर आणखी पन्नासेक वर्षं गेली.

कोर्साकॉफमध्ये बुद्धी गेलेली नसते, ही गोष्ट घरच्यांना फार गोंधळात टाकते. माणूस नीट बोलतो, आकडेमोड करतो, पत्ते खेळतो, तरुणपणच्या गोष्टी तपशिलासकट सांगतो. पण नवीन काही साठत नाही. वहीवर पेन फिरतंय आणि शाई उमटतच नाही, असं समजा. ओपीडीत आलेल्या पेशंटशी दहा मिनिटं छान गप्पा होतात, मी पाणी प्यायला बाहेर जाऊन परत येतो, तर नमस्कार करून "बोला डॉक्टर, काय काम काढलंत" असं जणू पहिल्यांदाच भेटतोय तसं विचारतात. मग मी मुद्दाम विचारतो, काल आपण बाजारात भेटलो होतो ना. "हो हो, तुम्ही घाईत होतात." आम्ही कधीच कुठे भेटलेलो नसतो. चेहऱ्यावर मात्र कुठेही बनवाबनवी नसते.

याला कन्फॅब्युलेशन म्हणतात. आठवणीत जिथे भोक आहे तिथे मेंदू आपोआप काहीतरी भरतो, बहुतेक वेळा जुन्याच खऱ्या आठवणीचा तुकडा चुकीच्या दिवशी आणून चिकटवतो. वडील ऑफिसला गेल्याचं सांगतात ना, ते ऑफिस खरं आहे, साहेब खरे आहेत, फक्त "काल" चुकीचा आहे. खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं आणि त्याला त्यातून काहीतरी मिळवायचं असतं. तुमच्या वडिलांना खरं काय तेच माहीत नाही आणि ऑफिसची गोष्ट सांगून त्यांना काडीचाही फायदा नाही. आईला एवढं एकच विचारा, यात त्यांचा फायदा काय?

बरं, काहीच साठत नाही हेही शंभर टक्के खरं नाही. १९११ मध्ये क्लापारेद नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग लिहून ठेवलाय, आजच्या नियमात तो बसणार नाही. त्याची एक कोर्साकॉफची पेशंट होती, तिला त्याचा चेहरासुद्धा लक्षात राहत नसे. एकदा त्याने हातात टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. नंतर त्याने हात पुढे केला तर बाईने हात मागे घेतला, का ते तिला सांगता येईना. म्हणजे प्रसंग आठवत नाही पण धडा कुठेतरी बसलेला असतो. सवय, हाताला लागलेलं काम, ठरलेला क्रम, भीती, माया, हे दुसऱ्या वाटेने साठतं आणि ती वाट बऱ्यापैकी शाबूत असते. घरी जे काही करायचं ते याच्याच आधारावर.

आता तुमचा मुख्य प्रश्न, परत येईल का. मोठ्या अभ्यासांवरून जे आकडे वर्षानुवर्षं सांगितले जातात ते साधारण असे की कोर्साकॉफ झालेल्यांपैकी एक चतुर्थांश लोक चांगले सुधारतात, एक चतुर्थांश जवळपास आहे तिथेच राहतात, आणि उरलेले निम्मे मध्ये कुठेतरी. सुधारणा हळू असते, वर्ष-दोन वर्षांपर्यंत चालू राहू शकते. तुमचे वडील कुठल्या गटात जातील हे तीन महिन्यांत कुणीच सांगू शकत नाही, मीही नाही. कशाकशावर अवलंबून आहे ते मात्र सांगू शकतो: तेव्हा थायमिन किती लवकर आणि किती मिळालं, दारू खरोखर बंद राहते का, जेवण सुधारतंय का, आणि बाकी काही दडलेलं आहे का. यातल्या पहिल्यावर आता तुमचा ताबा नाही, बाकी तिन्हीवर बराच आहे.

म्हणून पहिलं काम, डिस्चार्ज समरी काढा आणि बघा की थायमिन शिरेतून दिलं होतं का, किती मिलिग्रॅम, किती दिवस. नुसतं "मल्टिव्हिटॅमिन" लिहिलेलं असेल किंवा १०० मिलिग्रॅम एक-दोन दिवस एवढंच असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा की आता इंजेक्शनचा एक पूर्ण कोर्स द्यायचा का. तीन महिन्यांनी दिलेल्या कोर्सकडून मी फार मोठी अपेक्षा ठेवत नाही, पण धोका कमी आहे आणि अजून थोडं वाचण्यासारखं उरलं असेल तर ते सोडून का द्यायचं. मी असतो तर दिला असता. त्यानंतर रोजची थायमिनची वेगळी गोळी, साधारण १०० मिलिग्रॅम दिवसातून दोन-तीनदा, डॉक्टर ठरवतील तसं. बी-कॉम्प्लेक्सच्या पाकिटामागे थायमिनचा आकडा वाचा, कित्येक गोळ्यांत तो अगदीच किरकोळ असतो. गोळी का तर पुढचं नुकसान टाळायला, तिचं काम एवढंच. दिवसाला दहा गोळ्या दिल्या म्हणून स्मृती दहापट वेगाने परत येणार नाही.

एमआरआय नॉर्मल आहे म्हणजे वर्निकी नव्हतं असं धरून बसू नका. एमआरआयमध्ये ठराविक जागी बदल दिसले तर निदान पक्कं होतं, पण जवळपास निम्म्या केसेसमध्ये काहीच दिसत नाही. त्याचा दुसरा उपयोग मात्र झाला, डोक्यात रक्तस्राव नाही हे कळलं. पिणारी माणसं पडतात, डोक्याला मार लागतो, आणि मेंदूवर हळूहळू रक्त साचून आठवड्यांनी गोंधळ सुरू होतो, त्यामुळे एमआरआयनंतर परत कधी पडले असतील तर ते डॉक्टरांना सांगा. त्याशिवाय बी-ट्वेल्व्ह, थायरॉइड, सोडियम, लिव्हरच्या तपासण्या झाल्यात का बघा. लिव्हरमुळे होणाऱ्या गोंधळात माणूस दिवसा पेंगतो, रात्री जागतो, आणि एक दिवस बरा एक दिवस वाईट असं चालतं. दारूसोबत नायसिन म्हणजे बी-थ्रीची कमतरताही होते, उन्हाला उघडी राहणारी कातडी काळपट खरखरीत झाली असेल, जुलाब असतील तर ते मुद्दाम दाखवा, त्याचा उपचार वेगळा आणि सोपा आहे. आणि एक गोष्ट जी मी प्रत्येक वेळी तपासतो: विथड्रॉवलसाठी सुरू केलेल्या झोपेच्या, शांत करणाऱ्या गोळ्या अजून चालूच आहेत का? त्या काही दिवसांत कमी करत बंद करायच्या असतात, पण चिठ्ठी तशीच पुढे सरकत राहते आणि त्या गोळ्या स्वतःच स्मृती बिघडवतात. चालू असतील तर मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून हळूहळू.

घरात काय करायचं. परीक्षा घेणं आधी थांबवा. "आठवा बघू, सकाळी काय खाल्लं" असं विचारलं की ते काहीतरी चुकीचं बोलणार, आणि चुकीचं बोललेलंच पक्कं होत जातं, कारण आपण चुकलो होतो हे त्यांना आठवणार नाही. त्यापेक्षा उत्तर आधीच देऊन टाका. दिवसाचा क्रम रोज तोच ठेवा, वस्तू त्याच जागी, भिंतीवर मोठा बोर्ड, त्यावर आजची तारीख, आज काय काय आहे, आणि कोण घरी कधी येणार. एक वही खिशात. सुरुवातीला वही आहे हेच विसरतील, म्हणून प्रत्येक वेळी प्रश्न आला की तोंडी उत्तर देण्याऐवजी हात धरून वहीपर्यंत न्या, आठवड्यांनी हाताला सवय लागते. ऑफिसची गोष्ट सुरू झाली की वाद घालू नका आणि होकारही भरू नका, "साहेब कसे होते हो तुमचे" असं विचारून खऱ्या जुन्या आठवणीकडे वळवा. गॅस, औषधं, गाडी, पैशांचे व्यवहार, सह्या, यावर सध्या घरातल्या कुणाचं तरी लक्ष हवंच. गाडीची किल्ली तर सरळ काढून ठेवा.

दारूबद्दल एक वेगळी अडचण इथे असते जी बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. आपण दारू सोडली आहे, का सोडली, हॉस्पिटलमध्ये काय झालं, हे सगळं ते विसरणार. त्यामुळे समजावणं, शपथा, रागावणं यावर विसंबून चालत नाही, समुपदेशनात झालेलं बोलणंही संध्याकाळपर्यंत टिकत नाही. जुनी सवय मात्र टिकलेली असते, पाय आपोआप तिकडे वळतात. तेव्हा बंदोबस्त बाहेरूनच हवा, घरात बाटली नाही, हातात रोख पैसे नाहीत, एकटं फिरणं नाही, आणि जुन्या सोबत्यांना स्पष्ट सांगणं. कुणी डायसल्फिरामची गोळी सुचवली, म्हणजे ती घेतल्यावर दारू प्यायली तर जबरदस्त त्रास होतो ती, तर माझं मत विरोधी आहे. आपण गोळी घेतली हे ज्याला आठवत नाही त्याच्यासाठी ती धोकादायक आहे, आणि चोरून देणं तर अजिबात नको.

भावाबद्दल. तो रोज पीत असेल आणि जेवण नीट नसेल तर थायमिनची गोळी चालू करायला माझी हरकत नाही, उलट आम्ही पिणाऱ्यांना ती देतोच, पिणं थांबलेलं नसलं तरी. साडेचार मिलिग्रॅम जरी आत गेलं तरी रोजच्या गरजेपेक्षा जास्तच आहे, आतडं बिघडलं असेल तर कमी जाईल पण काहीच नसण्यापेक्षा बरं. ऑस्ट्रेलियाने तर १९९१ पासून ब्रेडच्या पिठात थायमिन मिसळणं सक्तीचं केलं, त्यामागे हाच विचार होता. मात्र त्यामुळे लिव्हर, नसा, हृदय यांचं पिण्याने होणारं नुकसान थांबत नाही, "गोळी घेतोय ना" म्हणून बिनधास्त पिणं असं होऊ देऊ नका. आणि कृपा करून वडिलांसारखी त्याची दारू घरी एका दिवसात बंद करू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत डिलिरियम, आणि थायमिनचा साठा आधीच तळाला असेल तर वर्निकीची वेळही नेमकी तीच. आधी डॉक्टरांना भेटा, थायमिनची इंजेक्शनं आधी घेऊन मग देखरेखीखाली बंद करता येते. मधल्या काळात तो प्यायलेला नसताना झोकांड्या खाताना दिसला, दोन दोन दिसतायत म्हणाला, किंवा दिवस-वार चुकायला लागला, तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीत न्या, आणि तिथे पहिल्याच वाक्यात सांगा की रोज पितो, जेवण नीट नाहीये, थायमिन अजून मिळालेलं नाही.